प्राग येथील एक समाधि आणि चारशें वर्षांचा संशय

मध्य युरोपांत व्ल्टावा नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेलें प्राग हें चेक लोकांच्या राजधानीचें शहर होय. येथें येणारा प्रवासी बहुधा पहिल्याच दिवशीं जुन्या नगराच्या चौकांत जातो आणि नगरभवनाच्या भिंतींत बसविलेल्या प्रसिद्ध घटिकायंत्रासमोर उभा राहतो. हें यंत्र १४१० सालचें आहे. त्याच्या तबकडीवर नुसती वेळच दिसते असें नव्हे, तर सूर्य कोणत्या राशींत आहे व चंद्राची स्थिति काय, हेंहि त्यावरून समजतें. म्हणजे भिंतीवर चालणारें तें एक पंचांगच म्हणावयाचें. तास भरला कीं बाजूस उभा असलेला हाडांचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या झरोक्यांतून ख्रिस्ताचे शिष्य एकामागून एक दर्शन देऊन जातात, आणि खालीं जमलेला देशोदेशींचा समुदाय माना वर करून तें कौतुक पाहतो.

आम्हींहि तें पाहिलें; परंतु आमचें खरें काम चौकाच्या दुसऱ्या बाजूस होतें. तेथें मेरीमातेचें एक प्राचीन मंदिर असून टीनचें मंदिर ह्या नांवानें तें ओळखलें जातें. त्याचे दोन काळसर मनोरे सुमारें ८० मीटर उंच असून सबंध चौकावर त्यांचा पहारा आहे असें वाटतें. मंदिराच्या दर्शनी बाजूस मात्र जुनीं घरें इतकीं खेटून उभीं आहेत कीं, एवढ्या मोठ्या इमारतीचें दार कोठें आहे हें नवख्यास उमगत नाहीं. त्या घरांच्या कमानींखालून बोळांत शिरावें, म्हणजे मंदिराचें दार लागतें.

आंत वेदीच्या जवळ एका खांबाला टेकवून तांबूस संगमरवराची एक उभी शिळा बसविलेली आहे. तीवर चिलखत घातलेल्या, भरघोस मिशांच्या, धिप्पाड पुरुषाची आकृति कोरलेली आहे. त्याचा एक हात तलवारीच्या मुठीवर व दुसरा खगोलावर आहे. ह्या दोन वस्तूंत त्याचें सारें चरित्र आलें. कारण जन्मानें तो सरदार होता आणि कर्मानें ज्योतिषी. हा टायको ब्राहे. मानलें जाण्यापेक्षां असणें श्रेष्ठ, अशा अर्थाचें लॅटिन ब्रीद त्याच्या समाधीवर आहे. तें वाचीत असतां आम्हांस असें वाटलें कीं, ज्याच्या मृत्यूविषयीं चारशें वर्षें लोकांनीं नाना प्रकारचें मानून घेतलें, त्याच्या शिळेवर दुसरें कोणतें वचन इतकें शोभलें असतें?

टायकोचा जन्म १५४६ सालीं स्कानिया प्रांतांत झाला. हा प्रांत त्या वेळीं डेन्मार्कच्या राज्यांत होता. आज तो स्वीडनमध्यें मोडतो. विसाव्या वर्षीं रोस्टोक येथें विद्यार्थी असतां एका आप्ताशीं त्याचें तलवारीचें द्वंद्व झालें व त्यांत त्याच्या नाकाचा भाग कापला गेला. पुढें जन्मभर तो धातूचें कृत्रिम नाक लावून वावरला. १५७२ सालीं शर्मिष्ठा तारकासमूहांत एक नवा तारा अकस्मात् झळकूं लागला. नक्षत्रलोक अविकारी आहे, तेथें कांहीं उपजत नाहीं व नासत नाहीं, अशी युरोपांतील पंडितांची तोंवर श्रद्धा होती. टायकोनें मोजमाप करून दाखविलें कीं, हा तारा चंद्राच्या पुष्कळ पलीकडे आहे. ह्या कीर्तीमुळें डेन्मार्कच्या राजानें १५७६ सालीं त्याला व्हेन नांवाचें बेट तोडून दिलें. तेथें त्यानें वेधशाळा बांधली व वीस वर्षें आकाशाचे वेध घेतले. दुर्बिणीचा शोध तेव्हां लागावयाचा होता. केवळ डोळा, भलीं मोठीं वृत्तपादयंत्रें आणि कमालीची चिकाटी एवढ्या भांडवलावर त्यानें ग्रहांचीं स्थानें एकदोन कलांपर्यंत अचूक टिपलीं. पंचांगांतील घटिका-पळांच्या फरकावरून आपल्याकडे केवढे वाद झाले हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ह्या कामाची थोरवी वेगळी सांगावयास नको.

जुना राजा वारला आणि नव्या राजाशीं, चौथ्या ख्रिश्चनशीं, टायकोचें पटेना. १५९७ सालीं तो आपलीं यंत्रें व वह्या घेऊन देशाबाहेर पडला आणि १५९९ सालीं प्राग येथें सम्राट् दुसरा रुडॉल्फ ह्याच्या आश्रयास आला. रुडॉल्फ हा ज्योतिषी, किमयागार, चित्रकार, रत्नपारखी अशा सर्वांचा चाहता होता. दुसऱ्याच वर्षीं टायकोच्या हाताखालीं काम करावयास एक गरीब, प्रकृतीनें अशक्त पण बुद्धीनें अलौकिक असा जर्मन तरुण आला. त्याचें नांव योहान केप्लर. ह्या दोघांचें सख्य जितकें खरें तितकीच त्यांची कुरबुरहि खरी. टायकोजवळ वेधांचा अपार सांठा होता, पण तो सगळा दाखविण्यास तो नाखूष असे; केप्लरजवळ गणित होतें, पण त्याला राबविण्यास सामग्री नव्हती.

आतां त्या घटनेकडे वळूं. १३ ऑक्टोबर १६०१ ह्या दिवशीं पेत्र वोक ह्या रोझेनबर्ग घराण्यांतील मोठ्या सरदाराकडे टायको मेजवानीस गेला. केप्लरनें लिहून ठेविल्याप्रमाणें, मद्यपान बरेंच झालें असतां त्याला लघुशंकेची भावना झाली. पण यजमानाआधीं उठणें हा असभ्यपणा होईल म्हणून तो तसाच बसून राहिला. आपल्याकडे पंगतींत मध्येंच उठूं नये असा जो दंडक आहे, त्याचाच हा राजदरबारी अवतार म्हणावा. घरीं आल्यावर मात्र लघवी होईना. पांच रात्री झोंप नाहीं. नंतर अतिशय वेदनांनीं थोडीशी होई, पुन्हां अडे. ताप चढला, वात झाला. २४ तारखेस भ्रम ओसरला व आप्तांच्या प्रार्थना कानीं पडत असतां ५४ व्या वर्षीं त्याचा अंत झाला. आपलें जगणें व्यर्थ गेलें असें न ठरो, असें तो शेवटच्या रात्रीं पुनःपुन्हां म्हणत होता, असेंहि केप्लर सांगतो. थोड्याच दिवसांत मोठ्या सन्मानानें त्याला टीनच्या मंदिरांत पुरण्यांत आलें. १६०४ सालीं त्याच्या पत्नीचा देहहि त्याच्याच शेजारीं ठेवला गेला.

अकरा दिवसांपूर्वीं हिंडताफिरता असलेला, राजाच्या मर्जींतला, परका आणि श्रीमंत मनुष्य असा मेला, म्हणजे लोकांच्या जिभेला विषाचें नांव सुचण्यास वेळ लागत नाहीं. तसेंच येथें झालें. मात्र त्या काळीं विषाचा संशय घेणें सोपें व तो सिद्ध किंवा असिद्ध करणें अशक्य, अशी स्थिति होती. शवाच्या पोटांत सोमल आहे कीं नाहीं हें निश्चयानें सांगणारी कसोटी जेम्स मार्श ह्या इंग्रज रसायनज्ञानें १८३६ सालीं शोधून काढली; तोंपर्यंत न्यायासनालाहि बहुतेक वेळां केवळ लक्षणें, कबुली आणि कुजबूज ह्यांवरच विसंबावें लागे. टायकोच्या बाबतींत तर खटलाच झाला नाहीं. संशय कागदावरून कागदावर उतरत राहिला, एवढेंच.

१९०१ सालीं त्याच्या मृत्यूस तीनशें वर्षें झालीं. समाधि दुरुस्त करण्याच्या निमित्तानें ती उघडण्यांत आली व मातिएग्का नांवाच्या डॉक्टरांनीं आंतील अवशेष तपासले. एक सांगाडा पुरुषाचा व एक स्त्रीचा होता. पुरुषाच्या कवटीवर नाकाच्या पोकळीच्या कडेला हिरवट डाग आढळले. तांब्यावर जसा हिरवा कळंक चढतो तसाच हा, म्हणजे धातूच्या नाकाची खूण. तेव्हां हा टायकोच ह्यांत शंका उरली नाहीं. दाढीमिशांचे कांहीं केंस व वस्त्रांचे तुकडे त्या वेळीं काढून प्रागच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयांत ठेविले गेले. ते केंस पुढें नव्वद वर्षांनीं केवढें वादळ उठवितील, ह्याची त्या मंडळींना कल्पना नव्हती.

केंसांचें महत्त्व काय, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मनुष्याचा केंस महिन्याला अजमासें एक सेंटिमीटर वाढतो. मुळाशीं तो जिवंत असतो, रक्तांतून त्याला पोषण मिळतें. आणि रक्तांत त्या वेळीं जें कांहीं फिरत असेल, मग तो सोमल असो, शिसें असो वा पारा असो, त्याचा अंश केंसांत अडकून राहतो. केंस वर सरकला कीं तो भाग निर्जीव होतो व त्यांतील नोंद पुसली जात नाहीं. म्हणजे प्रत्येक केंस ही एक रोजनिशीच असते. टोंक म्हणजे जुनीं पानें, मूळ म्हणजे शेवटचीं. हाडांचा हिशेब निराळा. हाडांतील द्रव्य फार सावकाश बदलतें, म्हणून हाडांवरून पांचदहा वर्षांची सरासरी समजते. पचनसंस्था, मांस, रक्त हीं सर्व नाहींशीं झालीं तरी केंस व हाडें शतकानुशतकें टिकतात. जुन्या संशयित मृत्यूंचा शोध घेणाऱ्यांस एवढाच पुरावा उरतो, व तो पुष्कळ वेळां पुरतो.

१९९१ सालीं प्रागच्या संग्रहालयाकडून ह्या केंसांपैकीं कांहीं डेन्मार्कला मिळाले. कोपनहेगन येथील न्यायवैद्यक संस्थेंतील विषशास्त्रज्ञ बेंट केम्पे ह्यांनीं त्यांचें पृथक्करण केलें, तों त्यांत पाऱ्याचें प्रमाण मोठें आढळलें. पारा मूत्रपिंडांचा घात करतो. टायकोची लघवी अडली होती. तेव्हां दोहोंचा मेळ बसला. १९९६ सालीं स्वीडनमधील लुंड येथें यान पालोन ह्यांनीं एका केंसावर प्रोटॉन-किरणांचा झोत टाकून त्याच्या लांबीभर मोजमाप केलें, व मृत्यूच्या आदल्या दिवशीं पाऱ्याची मोठी मात्रा पोटांत गेली असावी असा निष्कर्ष निघाला. 

येथपर्यंत पारा होता, पण मारेकरी नव्हता. टायको स्वतः किमयेचा जाणकार असून औषधें बनवीत असे, व त्यांच्या कृतींत पाऱ्याचाहि उपयोग असे. आपल्या रसवैद्यांची कज्जली, रससिंदूर इत्यादि ज्यांच्या परिचयाचीं आहेत त्यांना ह्याचें नवल वाटणार नाहीं. तेव्हां त्यानें आपलें आपणच चुकीचें औषध घेतलें असेल, असें कांहींजण म्हणूं लागले. परंतु मनुष्यस्वभावाला अपघातापेक्षां कारस्थान अधिक रुचतें. २००४ सालीं अमेरिकेंत एका दांपत्यानें पुस्तक लिहून थेट केप्लरवर खुनाचा आरोप केला. त्यांचें म्हणणें असें कीं, वेधांच्या वह्या हातीं याव्यात म्हणून शिष्यानें गुरूला पारा घातला. दुसऱ्या एका पंडितानें टायकोचा दूरचा नातलग एरिक ब्राहे ह्याच्याकडे बोट दाखविलें व त्यामागें डेन्मार्कच्या राजाचा हात कल्पिला.

केप्लरविरुद्धचा पुरावा वरवर पाहतां पोकळ नव्हता. तो त्या घरांत होता. मृत्यूनंतर दोनच दिवसांत टायकोच्या जागीं त्याची नेमणूक झाली. शिवाय टायकोचे वारस बेसावध आहेत असें पाहून आपण त्या वह्या ताब्यांत घेतल्या, हें त्यानें स्वतःच पुढें एका पत्रांत कबूल केलें आहे. कबुली चोरीची, पण लोकांनीं ती वाचली खुनाची म्हणून. पैशाच्या वा जमिनीच्या वारशावरून कुटुंबांत जेव्हां असा मृत्यु घडतो, तेव्हां शेजारीपाजारी जें गणित मांडतात तेंच हें गणित. ज्याचा लाभ झाला तो दोषी. आणि ज्याच्यावर हा हिशेब लागू होतो, तो मेलेला असला म्हणजे त्याला उत्तर देतां येत नाहीं.

ह्यावर एकच उपाय होता. डेन्मार्कमधील आऱ्हूस विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ येन्स व्हेलेव ह्यांनीं समाधि पुन्हां उघडण्याची परवानगी मागितली. धर्माधिकारी व नगराधिकारी ह्या दोहोंची संमति मिळाल्यावर १५ नोव्हेंबर २०१० रोजीं डेन्मार्क व चेक देश ह्यांच्या तज्ज्ञांनीं मिळून शिळा हलविली. चारच दिवस त्यांच्या हातीं होते. त्यांनीं क्ष-किरणांनीं सांगाड्याचीं छायाचित्रें घेतलीं, दाढीचे नवे केंस, दांत व हाडांचे लहान लहान नमुने काढले, आणि १९ तारखेस अवशेष धर्मविधिपूर्वक पुन्हां जागच्या जागीं ठेविले.

मृताच्या विश्रांतींत असा व्यत्यय आणावा काय, हा प्रश्न आम्हांस त्या शिळेपुढें उभे असतां सुचल्यावांचून राहिला नाहीं. आपल्या घरांत वाढलेल्या कोणासहि ही कल्पना प्रथम अंगावर कांटाच आणील. पण दुसऱ्या पारड्यांत एका निरपराध मनुष्याचें नांव होतें. टायकोला ह्या चौकशीनें कांहीं मिळावयाचें नव्हतें. मिळावयाचें तें केप्लरला. गुरूच्या हाडांनीं शिष्याविषयीं साक्ष द्यावी, ह्यांत विटंबना कसली?

नमुन्यांचें काम दोन ठिकाणीं चाललें. दक्षिण डेन्मार्क विद्यापीठाचे रसायनज्ञ कोर लुन रास्मुसेन ह्यांनीं एका पद्धतीनें पारा मोजला, आणि प्रागजवळील अणुभौतिकी संस्थेंत यान कुचेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दुसऱ्या पद्धतीनें. ही दुसरी पद्धति मोठी चमत्कारिक आहे. केंस अणुभट्टींत ठेवून त्यावर न्यूट्रॉन-कणांचा मारा करतात. त्यामुळें त्यांतील निरनिराळ्या मूलद्रव्यांचे अणु कांहीं काळ किरणोत्सर्गी बनतात, व प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक शक्तीचे किरण बाहेर टाकतें. ते मोजले कीं कोणतें द्रव्य किती, हें अत्यल्प प्रमाणांतहि सांगतां येतें. दोन देशांत, दोन पद्धतींनीं एकच उत्तर आलें तरच तें खरें धरावयाचें, अशी ही योजना होती.

निकाल नोव्हेंबर २०१२ मध्यें जाहीर झाला. हाडांवरून दिसलें कीं, आयुष्याच्या शेवटच्या पांचदहा वर्षांत टायकोच्या शरीरांत पारा गैरवाजवी प्रमाणांत गेलेलाच नव्हता. केंसांनीं शेवटच्या सुमारें आठ आठवड्यांचा हिशेब दिला, तो तर उलटच होता. आठ आठवड्यांपूर्वीं पारा सामान्य मर्यादेच्या वरच्या टोंकाशीं होता, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत तो खालच्या टोंकाशीं आला होता. ज्या दिवसांत विष दिलें म्हणून म्हणतात, त्याच दिवसांत शरीरांतील पारा कमी होत चालला होता! मग पूर्वीच्या परीक्षांत तो इतका कां दिसला? तो मुख्यतः केंसांच्या बाहेरच्या अंगाला चिकटलेला होता, व किमयेच्या प्रयोगांच्या वेळीं हवेंतून येऊन बसलेली ती धूळ असावी, असें ह्या संशोधकांस आढळलें. पहिल्या परीक्षकांनीं आंकडा खोटा सांगितला नव्हता. पारा होताच, परंतु तो कोठें होता हें पाहण्याआधींच त्यावर कथा रचली गेली.

असाच प्रकार नेपोलियनच्या बाबतींत घडला. सेंट हेलेना बेटावर १८२१ सालीं मेलेल्या त्या बादशहाच्या केंसांत सोमल सांपडला, तेव्हां इंग्रजांनीं त्याला विष घातलें असा गवगवा झाला. पुढें २००८ सालीं इटलींतील शास्त्रज्ञांनीं त्याच्या बालपणींचे, एल्बा बेटावरचे व शेवटचे केंस, तसेच त्याची पत्नी जोसेफिन व त्याचा मुलगा ह्यांचेहि केंस एकत्र तपासले. सोमल सर्वांतच होता व सारख्याच मानानें होता. त्या काळच्या वस्तूंतून तो सर्वांच्याच अंगांत जात असे. आज ज्याला आपण भयंकर प्रमाण म्हणूं, तें त्यांच्या युगांत नित्याचें होतें. म्हणून मृताची परीक्षा करतांना त्याच्या काळचीहि परीक्षा करावी लागते.

टायकोच्या अवशेषांवरून आणखी कांहीं गोष्टी कळल्या. लोक सांगत कीं, त्याचें नाक सोन्यारुप्याचें होतें. नाकाजवळच्या हाडांत तांबें व जस्त जवळजवळ समप्रमाणांत निघालें. म्हणजे नाक पितळेचें होतें. सणासुदीला रुप्याचें लावीत असल्यास न कळे. रोजच्या वापरांतलें पितळी, एवढें खरें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत त्याच्या कण्यांतील व इतर सांध्यांतील अस्थिबंध हाडासारखे कठीण होऊन गेल्याचें वर्णन आहे. ही व्याधि स्थूल व मधुमेही माणसांत अधिक आढळते. खाणेंपिणें रगड, देह स्थूल आणि वय पन्नाशीच्या पुढें, अशा मनुष्याची लघवी अडून रक्तांत विकार होणें, ही गोष्ट आजहि वैद्यांना अपरिचित नाहीं. केप्लरनें रोग्याच्या उशाशीं बसून जें लिहिलें त्यालाच चारशें अकरा वर्षांनीं दुजोरा मिळाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मंदिरांतून बाहेर पडून आम्ही कार्ल रस्त्यानें नदीकडे निघालों. ह्याच अरुंद रस्त्यावरील एका घरांत १६०७ ते १६१२ पर्यंत केप्लर राहत होता. वह्या त्यानें कशा मिळविल्या ह्याविषयीं मतभेद असूं शकेल. त्यांचें त्यानें काय केलें ह्याविषयीं नाहीं. मंगळाचे वेध गणिताशीं ताडून पाहतां त्याला आठ कलांचा फरक आढळला. दुसऱ्या कोणीहि तो वेधाच्या चुकींत ढकलून दिला असता. परंतु टायको आठ कलांची चूक करणार नाहीं, अशी शिष्याची खात्री होती. म्हणून त्यानें वेध खरे धरले आणि दोन हजार वर्षांची वर्तुळाची कल्पना सोडून दिली. ग्रह लंबवर्तुळांत फिरतात हा सिद्धांत १६०९ सालीं ह्याच शहरांत राहत असतां त्यानें जगापुढें मांडला. टायकोनें सोंपविलेलीं ग्रहांचीं कोष्टकेंहि अपार अडचणी सोसून १६२७ सालीं उल्म येथें छापून पुरीं केलीं. गुरूचें जगणें व्यर्थ न जावें म्हणून ज्यानें सव्वीस वर्षें घालविलीं, त्याच्यावर गुरुहत्येचा आरोप यावा ह्याचें दुःख वाटतें.

त्याहूनहि विलक्षण असें एक प्रकरण ह्या मनुष्याच्या घरांत घडलें होतें. १६१५ सालीं त्याच्या वृद्ध आईवर, काटारिना केप्लर हिच्यावर, चेटकिणीचा आळ आला. आळ घेणाऱ्या बाईचें म्हणणें असें कीं, हिनें मला कडू पेय पाजलें व त्यामुळें मी आजारी पडलें. आळ म्हणजे विषप्रयोगाचाच! वर्षानुवर्षें प्रकरण चाललें. म्हातारीला चौदा महिने कैदेंत ठेवण्यांत आलें व छळाचीं हत्यारेंहि दाखविण्यांत आलीं. सम्राटाचा गणिती असलेला मुलगा आपलें काम बाजूला ठेवून तिच्या बचावास धांवला. प्रत्येक साक्षीदाराची जबानी त्यानें बारकाईनें तपासली, व ज्या दुखण्यांचें खापर आईवर फोडलें होतें त्यांना साधीं शारीरिक कारणें कशीं आहेत हें दाखविलें. १६२१ सालीं ती सुटली. पण पुढच्याच वर्षीं मरण पावली. आजार आणि त्याच्याजवळ असलेला मनुष्य ह्यांना जोडून देण्याची लोकांची खोड किती घातक आहे, हें केप्लरइतकें कोणाला कळलें असेल? आणि त्याचीच पाळी चारशें वर्षांनीं यावी!

केप्लर स्वतः १६३० सालीं रेगेन्सबुर्ग येथें वारला. पुढें लढाईच्या धामधुमींत तेथील स्मशानभूमि उद्ध्वस्त झाली व त्याच्या थडग्याचा मागमूस उरला नाहीं. त्याच्या बाजूनें बोलावयास त्याचीं हाडें शिल्लक नव्हतीं. बोललीं तीं टायकोचीं.

ह्या ठिकाणीं आपल्या देशाचा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आपण देह अग्नीला अर्पण करतों व अस्थि नदींत सोडतों. त्यामुळें इतिहासांतील मृत्यूंविषयींचे आपले वाद प्रयोगशाळेंत कधींहि मिटणार नाहींत. ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्याच्या माडीवरून खालीं आले व त्यांतच त्यांचा अंत झाला. त्यांनीं जाणूनबुजून उडी घेतली, कीं आजाराच्या भ्रमांत तोल गेला, हा वाद अद्याप चालूच आहे आणि त्यांत नाना फडणिसांच्या नांवालाहि बोल लागत आला आहे. आपल्याजवळ केंस नाहींत, हाडें नाहींत. आहेत तीं पत्रें, रोजकीर्दी व बखरी. म्हणून आपल्या इतिहाससंशोधकांनीं जीं दप्तरें वाळवीच्या तोंडांतून सोडविलीं, त्यांचें मोल आम्हांस ह्या परदेशांतील मंदिरांत अधिकच कळलें. आणि ज्या घरांत जुने कागद अजून माळ्यावर पडून आहेत, तेथील मंडळींनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां ह्या गोष्टीचा विचार करावा, असें सुचवावेसें वाटतें.

नदीवरचा जुना दगडी पूल ओलांडून व राजवाड्याची टेंकडी चढून आम्ही पोहोर्झेलेट्स नांवाच्या भागांत पोंचलों. टायकोचें शेवटचें घर ह्याच परिसरांत होतें. आज त्या जागीं केप्लरच्या नांवाची एक शाळा आहे. शाळेसमोर १९८४ सालीं उभारलेला ब्राँझचा पुतळा आहे. पुतळा एकाचा नव्हे, दोघांचा आहे. धिप्पाड टायको व कृश केप्लर जवळजवळ उभे आहेत. दोघांचीहि दृष्टि आकाशाकडे. हा पुतळा उभा राहिला तेव्हां केंसांतील पारा कोणी मोजला नव्हता. पुढें आरोप झाला, पुस्तकें निघालीं, समाधि उघडली, निकाल लागला. एवढ्या सर्व काळांत त्या दोघांना वेगळें करण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं, हें ह्या शहराला भूषणावह आहे. आम्ही तेथें होतों तेव्हां शाळा सुटण्याची वेळ झाली होती. मुलें त्या दोघांच्या पायांवरून दप्तरें सांवरीत, गलका करीत घरोघर चाललीं होतीं.